लेकराशी बोलायचं कुणाच्या परवानगीनं? : ताबा, संपर्क आणि कायदा यांचा आढावा

रविवारची संध्याकाळ. वाशिम जिल्ह्यातल्या रिसोड किंवा मालेगाव तालुक्यातलं कुठलंही गाव घ्या. घरात स्मार्टफोन एकच, तोही मामाचा. आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन दोन वर्षांपासून माहेरी राहते आहे. बाप चाकणला कंपनीत कंत्राटी कामगार. सात वाजता त्याचा व्हिडिओ कॉल येतो. मामा फोन उचलतो, स्पीकर लावतो आणि पोराच्या हातात देतो. आजी भाकरी थापता थापता कान देऊन असते. पोरगं "हो", "नाही", "जेवलो" यापलीकडे बोलत नाही; त्याची नजर स्क्रीनवर नसून चुलीजवळच्या मांजरावर असते. चार मिनिटांत कॉल संपतो. बापाला वाटतं, याला शिकवून ठेवलंय. आईला वाटतं, आता हा रात्रभर गप्प बसणार. मुलाला काय वाटतं, हे कुणी विचारत नाही.

हे घर कल्पनेतलं आहे. पण ताब्याच्या दाव्यांतली कागदपत्रं चाळणाऱ्या कुठल्याही वकिलाला ते ओळखीचं वाटेल. ज्याच्याकडे मूल राहतं, त्या पालकाने मुलाचं दुसऱ्या पालकाशी बोलणं किती, कसं आणि कुणासमोर होऊ द्यायचं, हा प्रश्न गेल्या दहा-पंधरा वर्षांत कायद्याच्या पुस्तकातून उठून थेट मोबाइलवर येऊन बसला आहे. त्यावर कायदा कुठवर पोचला, कोणकोणती मतं मांडली जातात आणि वाशिमसारख्या जिल्ह्यात गाडी कुठे अडते, ते इथे क्रमाने पाहू.

ताबा, भेट आणि संपर्क

बोलताना आपण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतो. कायद्याच्या लेखी ते वेगळे आहेत. 'ताबा' म्हणजे मूल कुणाकडे राहणार. 'पालकत्व' म्हणजे त्याच्या वतीने निर्णय कोण घेणार. 'भेट' म्हणजे ज्याच्याकडे मूल नाही त्याने ते कधी, कुठे आणि किती वेळ भेटावं. 'संपर्क' हा यात सगळ्यात उशिरा आलेला शब्द. फोन, संदेश, व्हिडिओ कॉल असं भेटीखेरीजचं सगळं बोलणं त्यात येतं.

पूर्वी हे काम पत्रं करीत. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर पत्नी लक्ष्मीबाई आणि मुलगा दत्तू काही वर्षं त्यांच्यापासून वेगळे, नातेवाइकांच्या आधाराने राहिले. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना त्या काळातली पत्रं आठवत असतील. पत्र घरात येतं ते आधी कुणाच्या तरी हातात पडतं. ते कोण फोडतं, कोण वाचून दाखवतं आणि कोण दडवतं, यावर बरंच काही ठरतं. सव्वाशे वर्षांनी पत्राची जागा मोबाइलने घेतली. मधला हात तिथेच आहे.

१८९० ते २०१५ : बापाच्या हक्कापासून मुलाच्या हितापर्यंत

पायाभूत कायदा अजूनही इंग्रजी अमदानीतलाच, १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्यातलं एक कलम वाशिमसाठी फार व्यवहारी महत्त्वाचं आहे. अर्ज कुठे करायचा, हे मूल सर्वसाधारणपणे कुठे राहतं त्यावर ठरतं. आई मुलाला घेऊन मंगरूळपीरला असेल, तर पुण्यात नोकरी करणाऱ्या बापाला पेशीसाठी रात्रभर ट्रॅव्हल्सने इकडे यावं लागतं. उलट मूल सासरकडच्यांनी पुण्यात ठेवून घेतलं असेल, तर कारंज्याच्या आईला तिकडच्या तारखा गाठाव्या लागतात. हा दुसरा प्रकार आपल्याकडच्या चर्चेत मागे पडतो. मुलगा असेल तर 'वंशाचा दिवा' म्हणून सासरी ठेवून आईला एकटी माहेरी पाठवल्याची उदाहरणं ग्रामीण भागात कमी नाहीत.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने बापाला नैसर्गिक पालक ठरवलं आणि 'त्याच्यानंतर' आईला. पाच वर्षांखालचं मूल सामान्यतः आईकडे राहावं, अशी पुस्ती जोडली. याच कायद्याच्या कलम १३ ने मुलाचं हित सर्वोपरी मानलं. बौद्ध आणि जैन कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे. वाशिम, कारंजा, मंगरूळपीर या शहरांत मुस्लिम वस्ती मोठी. त्यांच्यात 'हिजानत' म्हणजे लहान मुलाच्या संगोपनाचा आईचा हक्क मानला जातो. हनफी परंपरेत मुलासाठी तो सात वर्षांपर्यंत आणि मुलीसाठी ती वयात येईपर्यंत असतो. कोर्टात गेल्यावर मात्र १८९० चा कायदा आणि मुलाचं हित हीच मोजपट्टी लागते.

'त्याच्यानंतर' या शब्दाचा अर्थ १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सैल केला. लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात न्यायालय म्हणालं की याचा अर्थ बाप वारल्यावर असाच घ्यायचं कारण नाही. तो मुलाकडे बघतच नसेल तरी आई पालक होऊ शकते. त्याआधी १९७३ मध्येच न्यायालयाने सांगून ठेवलं होतं की मुलं म्हणजे आईबापांची मालमत्ता किंवा खेळणी नव्हेत. २०१५ मध्ये गोव्याहून गेलेल्या एका प्रकरणात न्या. विक्रमजित सेन यांनी पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा आईकडे दिला आणि हा कल मोडायचा तर ठोस कारण बापाने दाखवायचं, असं स्पष्ट केलं.

या सव्वाशे वर्षांत प्रश्न एकच होता : मूल कुणाकडे? ज्याच्याकडे नाही त्याच्या वाट्याला कोर्टाच्या आवारातली महिन्यातली एखादी भेट यायची. रोजच्या बोलण्याचा कुठे उल्लेख नव्हता, कारण ते रोज होणं शक्यच नव्हतं.

२०२० : रोजची पाच-दहा मिनिटं

२० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. दीपक गुप्ता आणि न्या. अनिरुद्ध बोस यांच्या पीठाने अमेरिकेतून भारतात आणलेल्या एका मुलीच्या प्रकरणात निकाल दिला. त्यात भेटीच्या हक्काबरोबर 'संपर्काचा हक्क' वेगळा नोंदवला गेला. पालक वेगवेगळ्या राज्यांत किंवा देशांत असतील तेव्हा तो विशेष महत्त्वाचा. फोन आणि ईमेल चालेल, व्हिडिओ कॉल सगळ्यांत बरा. खास कारण नसेल तर ताबा नसलेल्या पालकाला रोज पाच ते दहा मिनिटं मुलाशी बोलता यायला हवं, असं न्यायालयाने म्हटलं.

दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि सगळ्या भेटी बंद पडल्या. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरसकट नियम घालून देण्याचं टाळलं, पण प्रत्यक्ष भेट शक्य नसेल तिथे इलेक्ट्रॉनिक संपर्काची सोय पालकांनी आपसांत करावी, असं सुचवलं. जे अपवादाने मिळायचं ते त्या वर्षात अंगवळणी पडलं. आता अंतरिम अर्जात (कोर्टाच्या भाषेत 'निशाणी ५') व्हिडिओ कॉलची मागणी नेहमीची झाली आहे. २०२५ मध्ये तर आयर्लंडमध्ये आईसोबत राहणाऱ्या मुलाशी रोहतकच्या बापाला एक रविवार आड दोन तास बोलू द्यावं, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. पुणे-ठाण्यातून परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना हा निकाल जवळचा वाटावा. मुलांच्या आंतरराष्ट्रीय पळवापळवीवरच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, त्यामुळे अशा कुटुंबांच्या हाती बऱ्याचदा कॉलच तेवढा उरतो.

'रोज पाच-दहा मिनिटं' ही वाक्यं निकालातली आहेत, अधिनियमातली नाहीत. ती कुठल्या कलमात बसवायची, मोडली तर काय करायचं, मूल 'नको' म्हणालं तर काय, हे त्या वाक्यांनी सांगितलेलं नाही. वादाची खरी सुरुवात इथून होते.

फोन ज्याच्याकडे, त्याची बाजू

ज्याच्याकडे मूल राहतं तो पालक संपर्कावर लगाम ठेवतो, तेव्हा त्यामागे सूडच असतो असं मानणं चूक आहे. पहिलं कारण सुरक्षिततेचं. मारहाणीला कंटाळून घर सोडलेल्या बाईला नवऱ्याचा आवाज स्पीकरवर ऐकणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात त्याची दखल आहे. कलम १८ खाली मॅजिस्ट्रेट पतीला तक्रारदार बाईशी कुठल्याही मार्गाने संपर्क साधायला मनाई करू शकतो. फोन आणि इलेक्ट्रॉनिक संदेशही त्यात आले. कलम २१ खाली मुलाचा तात्पुरता ताबा तिला देता येतो, बापाच्या भेटीची पद्धत ठरवून देता येते, आणि भेटीने मुलाला अपाय होईल असं वाटलं तर ती नाकारताही येते.

या दोन कलमांची गाठ फोनवर पडते, आणि माझ्या मते या सगळ्या विषयातली ही सगळ्यात अवघड गाठ आहे. आईशी बोलायला मनाई आणि मुलाशी बोलायला परवानगी असे दोन आदेश एकाच माणसाला मिळू शकतात. मुलाकडे स्वतःचा फोन नसतो. कॉल यायचा तो आईच्याच नंबरवर. तो उचलला तर मनाई निरर्थक होते आणि न उचलावा तर परवानगीचा भंग. शहरात यावर तोडगे निघतात : मुलासाठी वेगळं सिमकार्ड, मावशीचा नंबर, ठरलेली वेळ. ज्या घरात रिचार्ज दोन-दोन महिने संपलेला असतो तिथे हे तोडगे कागदावरच राहतात.

दुसरं कारण बोलण्यातल्या मजकुराचं. "तुझी आई कुणाशी बोलते? घरी कोण कोण येतं?" अशी चौकशी मुलाकडून काढली जाते. दिवाळीला सायकल आणतो, असं सांगून आणली जात नाही. "कोर्टात साहेबांना सांग, मला पप्पांकडे राहायचं," असं पढवलं जातं. कॉल झाल्यावर मूल जेवत नाही, अंथरूण ओलं करतं, ही तक्रार समुपदेशकांसमोर नेहमी येते. तिसरं कारण उघडपणे कुणी मांडत नाही, पण ते असतं : पोटगी. खर्चाला दमडी देत नाही आणि रोज कॉल करून बाप म्हणून मिरवतो, हा राग खोटा नसतो. कायद्याने मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत. थकलेल्या पोटगीसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ चा रस्ता आहे. तिची वसुली मुलाच्या बोलण्यावर बंदी घालून करता येत नाही.

पलीकडच्या टोकाची बाजू

ताबा नसलेल्या पालकाचं म्हणणं थोडक्यात असं : मूल लहान आहे, त्याची आठवण पातळ होत जाते. सहा महिने आवाज ऐकला नाही तर ते ओळखही दाखवत नाही. मग 'मुलालाच यायचं नाही' हेच कारण पुढे केलं जातं. निकाल लागायला चार वर्षं गेली तर त्या चार वर्षांनीच निकाल दिलेला असतो. १८९० च्या कायद्याचं कलम १२ अंतरिम सोयीसाठी आहे, पण अंतरिम अर्जावरचं समोरच्याचं 'म्हणणं', म्हणजे लेखी उत्तर, दाखल व्हायलाच तीन-चार पेश्या जातात.

या गटात बाप जास्त असले तरी सासरी मुलं राहिलेल्या आयांचं दुखणं हेच आहे, किंबहुना जास्त तीव्र. त्यांच्याजवळ वकिलाला द्यायला पैसे नसतात आणि सासरचा फोन त्यांच्यासाठी कधीच 'लागत' नाही. विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय त्यासाठीच आहे.

या पालकांना मोठा आधार आहे तो संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचा. भारताने ती ११ डिसेंबर १९९२ रोजी स्वीकारली. तिच्या कलम ९ नुसार पालकांपासून वेगळं झालेल्या मुलाला दोघांशीही नियमित, थेट संपर्क ठेवण्याचा हक्क आहे. त्याच्या हिताला बाधा येत असेल तेवढाच अपवाद. हक्क मुलाचा आहे, हे इथे नीट वाचायला हवं. बापाचा हक्क विरुद्ध आईचा हक्क अशी मांडणी करणारे दोन्ही पक्ष या कलमाचा आधार घेताना हा शब्द गिळून टाकतात.

'मन कलुषित केलं' : एका संज्ञेचा प्रवास

मुलाने बोलायला नकार दिला की पुढचा आरोप ठरलेला असतो : शिकवून ठेवलंय. या आरोपाला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ रिचर्ड गार्डनर यांनी १९८५ मध्ये एक भारदस्त नाव दिलं. मराठीत त्याला 'पालक-परात्मता' म्हणता येईल. एक पालक मुलाला दुसऱ्याविरुद्ध इतका भरवतो की मूल विनाकारण त्याचा द्वेष करू लागतं, असा त्याचा गाभा.

आपल्याकडे फेब्रुवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. ए. के. सिक्री यांच्या पीठाने एका निकालात ही संज्ञा सविस्तर मांडली. त्या प्रकरणातली मुलगी एकवीस महिन्यांची असल्यापासून बापाकडे होती. न्यायालयाने तिला आईकडे सोपवलं, तेही आईबरोबर राहून बघण्याची संधीच तिला मिळाली नाही, या कारणाने. त्यानंतर ही संज्ञा देशभरच्या अर्जांत उतरली. तालुक्याच्या कोर्टातल्या मराठी अर्जातही ती इंग्रजी नावानिशी देवनागरीत टाइप झालेली असते.

जगात मात्र वारं उलटं फिरलं होतं. मानसिक विकारांच्या अमेरिकी यादीत या संज्ञेला जागा मिळालीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये आपल्या वर्गीकरणाच्या सूचीतून ती काढली. २०२३ मध्ये महिलांवरील हिंसाचाराविषयीच्या संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदक रीम अल्सालेम यांनी अहवालात इशारा दिला की हिंसेची तक्रार करणाऱ्या आयांविरुद्धच ही संज्ञा हत्यारासारखी वापरली जाते. आपल्याकडेही ८ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. विक्रम नाथ आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने बरीच सावध भूमिका घेतली. कुठल्याही पालकावर घाईने असा शिक्का मारू नये. मुलाला तोडण्याचं नेमकं कुठलं वर्तन घडलं ते दाखवावं, असं पीठाने म्हटलं. त्या प्रकरणात ताबा बापाकडेच राहिला, हेही नोंदवायला हवं. म्हणजे ही सावधगिरी कुठल्या एका पक्षाच्या पारड्यात पडलेली नाही.

दोन्ही बाजूंना मान्य व्हावं असं एक निरीक्षण आहे. मूल बोलायला तयार नसण्याची कारणं अनेक असू शकतात. भीती असते, कंटाळा असतो, समोर बसलेल्या आजीचा धाक असतो. खेळ अर्धा टाकून आल्याची चिडही असते. सुरुवातीच्या प्रसंगातलं पोरगं मांजराकडे का बघत होतं, हे सांगायला कुठलाही सिद्धान्त पुरा पडत नाही. त्यासाठी कुणीतरी त्याच्याशी एकट्याने, सावकाश बोलायला हवं.

आदेश मोडला तर

कॉल ठरला, आदेश झाला आणि फोन बंदच येऊ लागला. पुढे काय? १८९० च्या कायद्याच्या कलम ४५ मध्ये, कोर्टाने सांगूनही मूल हजर न करणाऱ्याला दंड आहे : शंभर रुपयांपर्यंत, पुढे रोज दहा रुपये आणि एकूण पाचशेच्या वर नाही. १८९० साली ही रक्कम जबर असेल. आज वाशिमहून अकोल्याला जाऊन यायला जेवढा खर्च येतो, त्याच्या आसपासचा हा दंड आहे. दिवाणी कैदेची तरतूदही त्याच कलमात आहे, पण आईला किंवा बापाला कैदेत पाठवल्यावर मुलाच्या मनात दुसऱ्या पालकाविषयी काय उरेल, या विचाराने न्यायाधीश ती वापरायला धजत नाहीत. अवमान कायद्याचंही तसंच. ताबाच बदलणं हा शेवटचा उपाय. त्यात शिक्षा पालकाला होते आणि शाळा बदलते मुलाची.

एका टोकाला पाचशे रुपये आणि दुसऱ्या टोकाला तुरुंग किंवा ताबाबदल. मधल्या पायऱ्या जवळपास नाहीत. बुडालेल्या कॉलच्या बदल्यात जादा वेळ देणं, समुपदेशकासमोर कॉल करवणं, दावाखर्च लावणं हे काही न्यायाधीश आपल्या अखत्यारीत करतात, पण त्याची बांधीव पद्धत नाही. शिवाय आदेश पक्षकाराला बांधतो. फोन असतो मामाच्या किंवा आजोबांच्या खिशात आणि ते दाव्यात पक्षकारच नसतात. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरून आईबाप हंगामी कामाला बाहेर गेले की मुलं महिनोन्महिने आजीआजोबांकडे असतात. तिथे कागदावरचा ताबा एकाकडे आणि फोनचा दुसऱ्याकडे.

फौजदारी मार्गही फारसा उपयोगी नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने अमरावतीकडच्या एका प्रकरणात म्हटलं की कोर्टाची मनाई नसताना स्वतःच्या मुलाला घेऊन गेलेल्या बापावर अपहरणाचा गुन्हा टिकत नाही, कारण तो नैसर्गिक पालक आहे. वाशिमची अपिलंही याच खंडपीठाकडे जातात. या निकालाचा एक आडवा परिणाम चर्चेत येत नाही. आदेश नसेल तर बाप मूल उचलून नेऊ शकतो, ही धास्ती ज्या आईला आहे ती भेट तर टाळतेच, कॉलवर मुलाला 'कुठल्या शाळेत जातो' हेही सांगू देत नाही.

समुपदेशक असणं आणि नसणं

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने दहा लाखांवर वस्तीच्या शहरांत अशी न्यायालयं बंधनकारक केली. इतरत्र राज्याच्या मर्जीवर सोडलं. महाराष्ट्रात पहिलं पुण्यात, १९८९ मध्ये उघडलं. या न्यायालयांतले पगारी विवाह समुपदेशक ही महाराष्ट्राची जमेची बाजू. मुलाशी एकांतात बोलणं, भेटीच्या वेळी बाजूला बसणं, वेळापत्रक आखून देणं ही कामं ते करतात. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे हेच दावे दिवाणी न्यायाधीशांसमोर चालतात, आणि त्यांच्या त्याच दिवसाच्या बोर्डावर जमिनीच्या वाटपाचे आणि धुऱ्याच्या भांडणांचे दावे असतात. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत सहा तालुक्यांची मिळून लोकसंख्या ११ लाख ९७ हजार होती. दहा लाखांची अट शहराला आहे, जिल्ह्याला नाही; त्यामुळे वाशिमला कौटुंबिक न्यायालय बंधनकारक ठरत नाही.

सगळ्यात मोठा भाग मात्र कोर्टाच्या दारापर्यंत येतच नाही. २०११ च्या जनगणनेचं सूरज जेकब आणि श्रीपर्णा चट्टोपाध्याय यांनी २०१६ मध्ये केलेलं विश्लेषण सांगतं की देशात विवाह झालेल्यांपैकी घटस्फोटित ०.२४ टक्के, तर नुसतेच विभक्त राहणारे ०.६१ टक्के. त्यांच्याकडे ताब्याचा आदेश असण्याची शक्यता कमी. आपल्याकडे 'फारकत' झाली म्हणतात तेव्हा ती पुष्कळदा स्टॅम्प पेपरवरची असते. चार पंच, दोन्हीकडचे वडीलधारे, दागिने आणि भांड्यांची यादी आणि शेवटी 'मुलांवर लिहून देणाऱ्याचा कोणताही हक्क राहणार नाही' असं एक वाक्य. जिथे तशी रूढी सिद्ध होते तिथे रूढीने झालेला घटस्फोट हिंदू विवाह कायदाही मान्य करतो. मुलांविषयीचं वाक्य मात्र कोर्टावर बंधनकारक नाही. मुलाचं हित आईबापांच्या करारात बांधता येत नाही. गावात तेच वाक्य पाळलं जातं. शाळेतही मुख्याध्यापक त्याच कागदाची झेरॉक्स फायलीला लावून 'वडिलांना भेटू देऊ नये' असं तोंडी सांगून ठेवतात.

सुधारणेचे प्रस्ताव आणि बाहेरचा अनुभव

न्या. ए. पी. शहा यांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने मे २०१५ मध्ये २५७ वा अहवाल दिला. आईबापांना समान कायदेशीर स्थान, संयुक्त ताब्याचा पर्याय, ठरावीक मुदतीतली मध्यस्थी, आणि भेट, आजीआजोबांचा वेळ, स्थलांतर यांविषयी मार्गदर्शक नियम त्यात सुचवले होते. दहा वर्षांनंतरही ते कायद्यात उतरलेले नाहीत. मुंबईच्या चाइल्ड राइट्स फाउंडेशनने तयार केलेली भेट व ताब्याची मार्गदर्शिका आणि तिच्यातला पालकत्वाचा आराखडा काही न्यायालयांत वापरला जातो, तोही ऐच्छिक.

'दोघांचाही सहभाग हवाच' असं कायद्यात गृहीतक म्हणून घालावं का, यावर बाहेरच्या देशांचा अनुभव उपयोगी आहे. ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये समान पालक-जबाबदारीचं गृहीतक आणलं आणि मे २०२४ पासून ते काढून टाकलं. हिंसेच्या प्रकरणांत त्याने मुलांचं नुकसान होतं, हे कारण. इंग्लंडने २०१४ मध्ये तसंच गृहीतक घातलं आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने ते रद्द करण्याचा इरादा जाहीर केला. आपल्याकडचे वडिलांच्या हक्कांसाठी झटणारे गट नेमकं तेच मागत आहेत. महिला संघटना या दोन देशांकडे बोट दाखवून विरोध करतात.

काय सुटलेलं नाही

मुलाचं वय हा पहिला प्रश्न. १८९० चा कायदा म्हणतो, मूल जाणतं असेल तर त्याची पसंती विचारात घ्यावी. हिंदू विवाह कायद्याचं कलम २६ ही मुलांच्या इच्छेचा उल्लेख करतं. पण ती पसंती 'कुणाकडे राहायचं' याबद्दलची. तेरा वर्षांच्या मुलीला आठवड्यातून एकदा कॉलवर बसवायची सक्ती करावी का, यावर न्यायाधीशांत एकमत नाही. आणि तिने स्वतःच्या मोबाइलवरून लपून बापाशी चॅट केलं, तर आईला ते तपासायचा अधिकार किती?

दुसरा, रेकॉर्डिंगचा. १४ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. सतीशचंद्र शर्मा यांच्या पीठाने नवराबायकोने एकमेकांचं चोरून केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल, असा निकाल दिला. तो निकाल पतिपत्नीतल्या संभाषणाचा आहे. मुलाशी झालेल्या कॉलचं काय? पेन ड्राइव्ह मात्र आत्ताच दाखल होऊ लागले आहेत, आणि आपलं बोलणं कोर्टात वाजणार हे कळलेलं मूल फोनवर 'हो', 'नाही' आणि 'जेवलो' एवढंच बोलणार, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

तिसरा प्रश्न दिसायला किरकोळ, व्यवहारात सगळ्यात मोठा : आदेशाची भाषा. 'वाजवी संपर्क ठेवू द्यावा' असं लिहिलेला आदेश पहिल्याच आठवड्यात मोडतो, कारण वाजवी म्हणजे काय यावरच भांडण असतं. अनुभवी वकील तडजोडीच्या पुरसिसमध्ये, म्हणजे कोर्टात द्यायच्या लेखी निवेदनात, बारीकसारीक लिहून घेतात. वार कोणता, वेळ कोणती, कॉल कोण लावणार आणि कुणाच्या नंबरवर, स्पीकर बंद, रेकॉर्डिंग नाही, घरच्या चौकशा नाहीत, परीक्षेच्या आठवड्यात सुट्टी, आणि रेंज गेली तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी. अलीकडे एक कलम वाढलं आहे : मुलासाठीच्या सिमचा रिचार्ज कॉल करणाऱ्या पालकाने करायचा, आणि पावती दर महिन्याला समोरच्याच्या व्हॉट्सॲपवर टाकायची.